परुळेकर बाईंना दाखवू नये

सोम., ३ मार्च
संचाची नवी आवृत्ती आली. म्हणजे पाडव्यापर्यंत पुस्तिका नवी करायची. शिरस्ताच आहे माझा, पाडव्याला गुढी उभी केली की पुस्तिका साइटवर चढवायची, मगच श्रीखंड. नऊ वर्षं झाली. अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरचा एवढा मोठा संच जगात फुकट मिळतो, पण तो कॉम्प्युटरवर टाकायचा कसा हे मराठीत कुणी सांगायचं? प्रेसमध्ये एकतीस वर्षं काढलेली बाई सांगते. वर नाव आहे माझं.

बारा पायऱ्या. आवृत्तीचा आकडा बदलला, दोन चित्रं नवी घेतली. माझ्या मशीनवर टाकून बघितला, पहिल्या झटक्यात चालला. नमुन्याचं मराठी पान झकास. जुन्या आवृत्त्या आहेत तिथेच असू देत, काही खायला मागत नाहीत.

एक गोष्ट डोक्यातून जाईना. आधी दरवर्षी तक्रारींची रांग असायची. बाई हे दिसत नाही, बाई आता काय करू. गेली दोन वर्षं एक मेल नाही. एकही नाही! लोक एकाएकी हुशार झाले की काय? कुठेतरी पाणी मुरतंय.

बुध., ५ मार्च
ह्यांना विचारलं. "अगं, तू चांगलं लिहितेस, म्हणून कोणी विचारत नाही." छत्तीस वर्षांच्या संसारात ह्यांनी माझं इतक्या सहज कौतुक कधी केलंय? भाजी फर्मास झाली तरी "मीठ बरोबर आहे" म्हणणारा माणूस!

दु. ह्यांचा फोन वाजला, तो गॅलरीत जाऊन घेतला. गॅलरीत कबुतरांची जाळी, कुंड्या, वाळत घातलेले कपडे, उभं राहायला जागा नाही, तरी तिथेच. "नंतर बोलतो" एवढं ऐकू आलं. कोण होतं? "गॅसवाला." गॅसवाल्याशी नंतर काय बोलायचं असतं?

शनि., ८ मार्च
पापडी गावी लोपीस टीचरकडे गेले. त्यांच्या शाळेचा वार्षिक अंक आपल्याच संचावर लावतात. सहज विचारलं, टाकताना त्रास नाही ना झाला?
"अजिबात नाही हो मॅडम. तो कागद होता ना."
कुठला कागद?
चेहरा पडला. "कागद म्हणजे... तुमचीच ती पुस्तिका."
माझी पुस्तिका बावीस पानांची. तिला कागद कोण म्हणेल? "चहा घेणार ना?" करत ज्या आत गेल्या त्या दहा मिनिटं बाहेर येईनात. जाताना टेबलावरच्या फायलीतून काहीतरी काढून पदराखाली नेलं. मी बघितलंय. चहा आला तो कोरा. दूध घालायचंच विसरल्या.

माझ्या पाठीमागे कुणीतरी आपलं काहीतरी चालवतंय. दुसरं कोण असणार? ग्लेन.

रवि., ९ मार्च
गिरीज गावचा हा ग्लेन. चाळिशी उलटलेला माणूस, केळीची वाडी बघतो आणि चर्चचं पत्रक जुळवतो. जुळवायला शिकवलं मी. चार वर्षांपूर्वी पुस्तिकेच्या कामात घेतला मी. साइटचा पासवर्ड दिला, तोही मीच. आता बसा!

फोन लावला. "ग्लेन, लोकांकडे कसला कागद फिरतोय?"
"मॅडम, मी वाडीत आहे, घड उतरवतोय, आवाज येत नाय नीट."
रविवारी सकाळी साडेआठला? चर्चची मिस्सा सोडून घड उतरवतो? त्याची आई त्याला वाडीतच पुरेल.

माझं नाव काढून स्वतःचं लावायचा बेत असणार. साइटवर जाऊन बघितलं. नाव आहे अजून. तरी पासवर्ड बदलून टाकला. हात शिवशिवत होते, आणखी काय काय बदलावंसं वाटत होतं.

मंगळ., ११ मार्च
सापडला.

माणिकपूरला झेरॉक्सवाल्याकडे विजेचं बिल घेऊन गेले. त्याला माझं नाव माहीत असेल, तोंड नाही. नवशिकीचा आव आणून विचारलं, तो अक्षरजुळणीवाला कागद आहे का हो? मान वर न करता खणातून काढून दिला. "परुळेकर बाईंच्या पुस्तिकेबरोबरचा ना? खूप जातो."

रिक्षा स्टँडच्या कट्ट्यावर बसून वाचला. एकच पान. उतरवून ठेवते.
"परुळेकर बाईंची पुस्तिका उघडण्याआधी हे वाचा. पायरी ४ करू नका. पायरी ६ च्या आधी मराठी फॉन्ट वेगळे उतरवून घ्या, पत्ता खाली दिला आहे. बाकी सगळं बाई सांगतात तसंच. हा कागद परुळेकर बाईंना दाखवू नये."
शेवटचं वाक्य ठळक टाइपात!

पान सुबक. समास मी शिकवला तसाच, वर कमी, खाली जास्त. ग्लेनच. पण पायरी ४ शेजारी पेनाने बाण काढलाय, आणि कडेला "नक्की करू नका!!" ते अक्षर ओळखायला मला चष्मा लागत नाही. छत्तीस वर्षं वाणसामानाच्या याद्या त्या अक्षरात वाचतेय मी.

गॅसवाला म्हणे!

घरी येऊन कागद ह्यांच्या ताटाशेजारी ठेवला. भात कालवता कालवता हात थांबला.
"तुला सांगायचं कुणी?" म्हणाले. "विरारच्या प्राजक्ताने सांगितलं होतं ना? तिला काय लिहिलंस, आठवतं?"
नाही आठवत म्हटलं.

बुध., १२ मार्च
आठवतं. चांगलं आठवतं.

दोन वर्षांपूर्वी पुस्तिका वापरणाऱ्यांच्या ग्रुपवर तिने लिहिलं, मॅडम, पायरी ४ केली की मराठीच्या जागी रिकामे चौकोन येतात. मी सगळ्यांसमोर उत्तर दिलं: "माझ्या मशीनवर व्यवस्थित येतं. आधी वाचायला शिका, मग चुका काढा." तिने ग्रुप सोडला. मला बरं वाटलं होतं, हेही लिहून ठेवते. ह्यांचं म्हणणं, बरंबिरं काही नाही, तू दोन दिवस धड जेवली नव्हतीस. म्हणून ह्यांनी आणि ग्लेनने मिळून हा उद्योग केला.

पण चूक आहे कुठे? "जुनी आवृत्ती काढून टाका, मग नवी टाका." यात चुकायला काय आहे? आज पुन्हा तीन वेळा माझ्या मशीनवर करून बघितलं. तिन्ही वेळा पान सुरेख. दोघांनी मिळून मला वेड्यात काढलंय. ह्यांच्याशी अबोला.

रवि., १६ मार्च
न सांगता गिरीजला गेले. मिस्सा सुटायच्या वेळेला, म्हणजे पळायला जागा नको. ग्लेन आईला घेऊन दारात येतोय तर मी ओट्यावर. कागद पुढे केला. त्याने तो बघितला आणि "बसा मॅडम" म्हणाला. बस्स. आई म्हणाली, "बाय, आधी पाणी घे, मग भांड."

म्हटलं, सिद्ध कर. त्याने बहिणीचा नवा कोरा लॅपटॉप आणून माझ्या पुढ्यात ठेवला. "मी हात लावत नाय. तुम्हीच वाचा, तुम्हीच करा." आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिला.

माझंच लिहिलेलं वाचत एकेक पायरी करत गेले. चौथी, जुनी आवृत्ती काढा. कोऱ्या मशीनवर जुनी होतीच कुठे? पुढे गेले. बारावी झाली. पान उघडलं.

चौकोन. पानभर रिकामे चौकोन. लेखिकेचं नाव, तेही चौकोनात.

मग डोक्यात प्रकाश पडला. जुनी आवृत्ती मी कधी काढलीच नाही! नऊ वर्षं लोकांना सांगतेय काढा म्हणून, आणि स्वतः एकही नाही. प्रेसची सवय. शिशाचा नवा टाइप पुरता लावून बघेपर्यंत जुना वितळवायला द्यायचा नाही, आणि मग तो राहूनच जायचा. मराठी फॉन्ट मी पहिल्या वर्षी पहिल्या आवृत्तीत हाताने टाकले होते. दरवर्षीची नवी आवृत्ती ते तिथून उचलते, मी म्हणते झकास. लोकांनी माझं ऐकून जुनी काढली की फॉन्टही गेले. ज्यांच्याकडे जुनी नव्हतीच, त्यांना ते कधी मिळालेच नाहीत. आणि त्यांनी लिहिलं की माझं ठरलेलं उत्तर, पुन्हा नीट करा.

"का नाही सांगितलंस?"
"मॅडम, तुम्ही मला शिकवलंय. तुम्हाला मी कसं सांगू?" मग खाली बघून, "पासवर्ड बदललात ते कळलं मला."

रडू आलं. त्याच्या आईसमोर. त्या माउलीने पिशवीत केळी भरून दिली, जणू मी तेवढ्यासाठीच आले होते.

मंगळ., १८ मार्च
सगळ्यांना माहीत होतं. लोपीस टीचर, ग्लेन, हे, तो झेरॉक्सवालासुद्धा. दोन वर्षं सगळे मिळून मला सांभाळून घेत होते, आणि मी ऐटीत पाडव्याला पुस्तिका चढवत होते! चुकल्याची लाज आहेच. पण त्यांनी माझी कीव केली, त्याचा संताप जास्त आहे.

ह्यांना विचारलं, तुम्हाला संचातलं काय कळतं?
"काही नाही. ग्लेन म्हणाला लोक तरी चौथी करतातच, म्हणून मी बाण काढला."
अबोला सुटला. डोळा आहे माझा तरी. रात्री "आमटी छान झालीय" म्हणाले, तर दोनदा चाखून बघितली.

शनि., २२ मार्च
जुन्या सगळ्या आवृत्त्या काढल्या. पहिली काढताना जीव खालीवर झाला. फॉन्ट गेले, माझ्याही पानावर चौकोन आले. चला, आता बाकीच्या लोकांच्या पंगतीत बसले.

मग लिहायला घेतलं. चौथी पायरी पार बदलली. फॉन्टची वेगळी पायरी घातली, त्या कागदातलीच, ग्लेनचं नाव देऊन. त्याला नवा पासवर्ड कळवला. माझ्या नावाखाली एक नवी ओळ: "कोऱ्या मशीनवर तपासणार:" आणि पुढे रिकामी जागा.
ग्लेन म्हणाला, माझं टाका की. म्हटलं, तू नको. तू तोंडात मिठाची गुळणी धरून बसणारा. मला तोंडावर सांगणारं माणूस पाहिजे.
असं एकच माहीत आहे मला.

मंगळ., २५ मार्च
प्राजक्ताला मेल. आधी दोन पानं झाली, मी जुनी आवृत्ती का ठेवते, प्रेसमध्ये काय पद्धत होती. सगळं खोडलं. शेवटी एवढंच: "पायरी ४ चुकीची होती. तुझं बरोबर होतं. मी तुला सगळ्यांसमोर बोलले ते फार वाईट बोलले. ग्रुपवरही हेच लिहिलं आहे. नवी पुस्तिका सोबत आहे. कोऱ्या मशीनवर करून बघशील?"

ग्रुपवर टाकलं. मग लोपीस टीचरचे जोडलेले हात. नमस्कार की सुटकेचा निःश्वास, देव जाणे.

शुक्र., २८ मार्च
प्राजक्ताचं उत्तर नाही. का द्यावं तिने?

झेरॉक्सवाल्याकडे गेले. आता नाव सांगूनच गेले. तो कागद? "ते ग्लेनभाई घेऊन गेले."
दुसरा नवा कागद नाही ना ठेवला कुणी?
"नाही मॅडम."
म्हटलं, खण उघड. उघडून दाखवला. आधार कार्डाच्या राहिलेल्या प्रती आणि एक सुकलेला वडापाव. ठीक.

दु. ह्यांचा फोन वाजला. गॅलरीकडे निघाले, माझ्याकडे बघितलं, परत येऊन बसले आणि माझ्यासमोर बोलले. खरंच गॅसवाला होता.

रवि., ३० मार्च, पाडवा
आठ वाजता गुढी उभी केली. पुस्तिका चढवली नाही. पहिल्यांदाच. फाइल तयार आहे, त्या एका ओळीपुढची जागा रिकामी. हे म्हणाले, ग्लेनचं नाव टाक आणि मोकळी हो. मी नाही म्हटलं. श्रीखंड तसंच फ्रीजमध्ये.

अकरा वाजता मेल आला. प्राजक्ता.
"मॅडम, काल कोऱ्या लॅपटॉपवर केलं. मराठी पान नीट आलं. पायरी ९ मध्ये मात्र एक चूक आहे. सांगू का?"

सांगू का! मुलीला विचारावं लागतंय. ते वाचून माझीच मला लाज वाटली. आणि खोटं कशाला लिहू, त्याच्याही आधी मनात काय आलं? की नऊ बरोबर आहे. नऊ मी चारदा तपासलीय. कुठे तपासली? माझ्याच मशीनवर.

उत्तरात "सांग" एवढंच लिहिलंय. अजून पाठवलेलं नाही. हे वाटी घेऊन दोनदा डोकावून गेले. आधी नऊ पुन्हा एकदा वाचून बघते.