पॅकेजच्या यादीतलं तुझं नाव

प्रिय महेशदादा,

परवा एका माणसानं तुला घमेंडखोर म्हटलं. तेही सगळ्या जगाला वाचता येईल अशा पानावर! तुला काही बोलता येत नाही, आणि चूक तर माझी आहे, म्हणून हे पत्र. तू गेल्यापासून तुला एक ओळही लिहिली नव्हती. आता लिहिल्याशिवाय चैन पडेना.

तुझे रविवार आठवतात मला. सहा दिवस चाकणच्या कंपनीत मशीनची देखभाल, आणि सातव्या दिवशी कासारवाडीच्या आपल्या बाहेरच्या खोलीत पंख्याखाली बसून फुकटचं काम. ग्राफिक्स कार्डाकडून भराभर गणितं करून घेणाऱ्या त्या लायब्ररी, तयार कोडचे गठ्ठेच! बनवणाऱ्या कंपनीनं कुलूपबंद ठेवलेल्या. आतला कोड कुणाला दिसायचा नाही, आणि फाईल परस्पर कुणाला वाटायचीही नाही, अशी अट. मग प्रोग्रॅम बसवून देणाऱ्या लिनक्सच्या पॅकेज मॅनेजरमधून ती एका आज्ञेत लोकांच्या मशीनवर बसावी कशी? त्याची कृती तू लिहायचास.

आईला समजावताना काय म्हणाला होतास, आठवतं? "आई, लोणचं आपण वाटत नाही. दुकान कुठंय, बरणी खरी कशी ओळखायची आणि घरात कुठल्या फळीवर ठेवायची, तेवढंच लिहून देतो."

आईनं मेथी निवडता निवडता विचारलं, "मंजी आत काय घातलंय ते तुला बी ठाव न्हाई?"

"न्हाई."

"आन् लोक खातेत?"

तू इतका हसलास की चहा सांडला. उदगीर सोडून पस्तीस वर्षं झाली तरी आईची भाषा तशीच आहे रे, आणि प्रश्नही तसेच.

त्या कृतीत वरच सांभाळणाऱ्यांची यादी असते. पहिलं नाव तुझं. हे काम मी तुझ्याकडूनच शिकले, म्हणून मी नको नको म्हणत असताना दुसरं माझं घातलंस. वर दम दिलास, "मीनू, ही दारावरची पाटी नव्हे. इथं ज्याचं नाव, त्यानं विचारणाऱ्याला ओ द्यायची." तू द्यायचासही. कुठल्या कुठल्या देशातल्या पोरांना दोन-दोन पानं उत्तरं लिहायचास, आणि आपल्या नळाच्या गळतीकडे मात्र महिनोन्महिने बघायचा नाहीस!

एका भांडणाची माफी मागायची राहून गेली. कंपनीनं नाव तेच ठेवून आतली फाईल गुपचूप बदलली होती. फाईल खरी आहे की नाही हे ज्यावरून ताडून बघतात तो हॅश जुळेना. मी सगळे करतात तेच केलं. नवा हॅश चिकटवला आणि मोकळी झाले. तू ते सगळ्यांसमोर परत पाठवलंस. "काय बदललं ते पाहिलंस का?" एवढंच लिहिलंस. मी घरात येऊन तुझ्यावर डाफरले, "फुकटच्या कामात एवढं सोवळं कशाला?" तू अर्धा दिवस दोन्ही फाईली उघडून एकेक वस्तू ताडून पाहिलीस. निघालं काय? परवान्याचा एक कागद तेवढा बदललेला! मी टाळ्या वाजवून हसले. तू म्हणालास, "हे आत्ता कळलं. सकाळी कळलेलं नव्हतं." तेव्हा मला ते फार आगाऊ वाटलं होतं, दादा. दोन दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. कशाला घालवले मी ते दोन दिवस?

मग तो गुरुवार. छातीत कळ आली म्हणालास आणि रिक्षा येईपर्यंतही थांबला नाहीस. अडतीस हे काय जायचं वय असतं?

आणि मग मी जे केलं ते ऐक. तुझं नाव यादीत तसंच राहू दिलं. त्या कामातल्या कुणालाच तू गेल्याचं कळवलं नाही. ते तुला चेहऱ्यानं ओळखतच नव्हते, नावानंच ओळखत होते. मला वाटलं, निदान एका ठिकाणी तरी तू असाच राहा. कुणी बदल सुचवला की यंत्र तुझ्या नावानं निरोप धाडायचं, "महेश, आपण पाहाल का?" यादीत असल्यानं तो मलाही यायचा, आणि वाचला की मी स्क्रीन बंद करून उठायचे. म्हणून मी ते सगळे निरोप एका फोल्डरकडे वळवले आणि तो फोल्डर उघडायचा नाही असं ठरवून टाकलं. बाकीच्यांनी पाहिलं की वर महेशचं नाव आहे, तो बघेल. कुणीच हात लावला नाही.

तळेगाव दाभाड्याच्या एका लहान कारखान्यात प्रशांत नावाचा इंजिनिअर आहे. ओतीव भागांना तडे आहेत का, हे तो कॅमेऱ्यानं तपासतो. मालकाच्या मागे लागून त्यानं आपल्या कृतीवर चालणारी ही फुकटची व्यवस्था बसवून घेतलेली. लायब्ररीची नवी आवृत्ती आली आणि त्याचं कार्ड दिसेनासं झालं. कार्ड रिकामं बसलेलं आणि सगळी गणितं बिचारा कॉम्प्युटर रांगत रांगत करतोय! कॅमेरा मागे पडला, म्हणून दोन बायकांना बॅटरी आणि भिंग देऊन बसवलं. एक तडकलेला भाग नजरेतून सुटला आणि चाकणच्या गिऱ्हाईकाकडून सगळा लॉट परत आला. मालक म्हणाला, महिनाअखेरपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर हे सगळं काढून टाक.

त्यानं चूक स्वतः शोधली, दुरुस्तीही स्वतःच केली आणि तुझ्या नावानं पाठवली. पहिल्यांदा लिहिलं, "सर, आपण कामात असाल." दुसऱ्यांदा, "सर, कृपया एकदा पाहाल का?" सात आठवड्यांनी लिहिलं, "एवढी कसली घमेंड आहे, सर? जमत नसेल तर नाव कशाला ठेवता?"

मी फोल्डर उघडला तो हे वाचायला! एका मित्रानं पान पाठवलं म्हणून कळलं तरी.

दुरुस्ती अवघी एका ओळीची होती. त्या लायब्ररीत एक नावापुरती फाईल येते ना, पॅकेज तयार करताना जोडणीपुरती लागणारी? कार्ड चालवणाऱ्या खऱ्या ड्रायव्हरमधल्या सगळ्या कामांची नावं तिच्यात असतात, प्रत्यक्ष काम एकही नसतं. तू गेल्यावर मी घाईघाईत नवी आवृत्ती चढवली तेव्हा तिचा रस्ता पुसायचा राहिला. प्रोग्रॅम कार्डाला हाक मारायचा आणि ती खऱ्याच्या आधी त्या पोकळ फाईलकडे जायची. मी ती ओळ वाचली आणि मला रडू कोसळलं. तुझ्या नावाचं मी हेच करून ठेवलं होतं.

आईनं विचारलं काय झालं. सांगितलं. ती म्हणाली, "रेशनकार्डावरचं नाव मी म्हैन्याच्या आत कमी करून आणलं, तवा तू माज्यावरच चिडलीस. नाव ठिवल्यानं माणूस म्हागारी येतंय व्हय गं?" दादा, ती एकटी रांगेत उभी राहिली होती त्या दिवशी. मी सोबतही गेले नव्हते.

प्रशांतची दुरुस्ती मी माझ्या मशीनवर तीनदा चालवून पाहिली, मगच घेतली. मग त्याला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, मला खरंच माहीत नव्हतं हो. कॉलेजात असताना मी एक खुळा प्रश्न विचारला होता, तर सरांनी दोन पानं उत्तर लिहिलं होतं. त्याच जोरावर तर मी मालकाला शब्द दिला. तेच सर बोलेनात, म्हणून लागलं मला." त्याचं कार्ड काल संध्याकाळपासून सुरू आहे. मालकानं यंत्रणा ठेवली. लिहिलेलं तो काढून टाकतो म्हणाला, मी नको म्हटलं. तुझ्यावर राग धरण्याइतकी त्याची तुझ्याकडून अपेक्षा होती, हे राहू दे तिथं.

आज सकाळी मी यादीतून तुझं नाव काढलं. एक ओळ पुसायला एक तास लागला. कशासाठी काढलं याचं कारण तिथं लिहावं लागतं, तुला माहीत आहेच. आधी "जुनं नाव काढलं" असं लिहिलं, ते खोडलं. मग "वैयक्तिक कारण" लिहिलं, तेही खोडलं. तुझ्या कामात असली पळवाट चालली असती का?

दादा, तुला शब्द देते. न पाहिलेलं काही मी पुढे सरकवणार नाही. येईल त्याला उत्तर देईन, मग ते "मला माहीत नाही" एवढंच का असेना. आणि ज्या दिवशी मला जमेनासं होईल, त्या दिवशी माझं नाव मी स्वतःच्या हातानं काढीन, दुसऱ्या कुणाला रडत बसून काढायला लावणार नाही.

शेवटी कारणाच्या जागी लिहिलं ते असं: "महेश वारला. तो माझा भाऊ होता. यापुढे मला विचारा."

तुझी,
मीनू