जिन्याखालची सही

रवि. ४ जाने.
वाचनालयाच्या कार्यकारिणीची मासिक सभा. सगळे वरच्या हॉलमध्ये, मी जिन्याखाली चाकाच्या खुर्चीत. मणक्याच्या ऑपरेशनला दोन वर्षं होतील, तेव्हापासून माझी जागा हीच. शिपाई गणपतमामा नेहमीप्रमाणे चहा आणि वही घेऊन खाली आले. "बाई, सही करा. वर काय न्हाई, नेहमीचंच चाललंय." केली. वर सगळे कशाला तरी खो खो हसले. कशाला, ते सांगायला कोण येतंय! चहासुद्धा गार.

शुक्र. ९
अध्यक्ष आबांना फोन केला. म्हटलं, सभा तळमजल्यावर घ्या. तिथला हॉल कामशेतच्या मांडववाल्याला भाड्याने दिलाय, त्याच्या खुर्च्या पार छताला टेकल्यात. अख्ख्या गावाला बसायला खुर्च्या, आणि माझी एक खुर्ची आत घ्यायला जागा नाही!
"चार पोरं लावतो की, बाई. उचलून नेतील. तुमचं वजन ते किती!"
एकदा नेलं होतं उचलून, माझ्याच सत्काराला. नवव्या पायरीवर खुर्ची कलली, साडी गुडघ्यावर गेली आणि सगळे एकदम भिंतीकडे बघायला लागले. शाल घेताना माझी मान वर झाली नाही. तेव्हाच ठरवलं, पोतं होऊन वर जायचं नाही. हे आबांना सांगता येईना. "विचार करा" एवढंच म्हणून फोन बंद केला.

बुध. १४. संक्रांत
सचिव विलास तिळगूळ घेऊन आला. नवलाख उंबरे गावच्या शाळेतला माझाच विद्यार्थी. बोलता बोलता म्हणाला, "आता खालचा हॉल अजून पाच वर्षं मांडववाल्याकडंच. चार तारखेला ठराव झाला न्हाई का? सर्वानुमते."
"सर्वानुमते म्हणजे कोणाच्या?"
हातातला तिळगूळ मी परत बशीत ठेवला.

गुरु. १५
वही मागवून घेतली. आमची पद्धत अशी की सह्या आधी घ्यायच्या, वर कोरी जागा सोडायची आणि ठराव सचिवाने सावकाश घरी लिहायचा. आजवर कोणालाच यात वावगं वाटलं नाही. मलाही नाही! खालचा हॉल पाच वर्षं भाड्याने, सर्वानुमते मंजूर. त्याखाली सहावी सही माझी. वळणदार.
तीस वर्षं पोरांना बजावलं, वाचल्याशिवाय सही करू नका. आणि स्वतः दोन वर्षं कोऱ्या पानावर सह्या देत बसले. आबांचा राग आला. स्वतःचा जास्त. जेवले नाही.

रवि. १ फेब्रु.
आज मागचं इतिवृत्त कायम करायचा विषय. ते झालं की मी पाच वर्षं जिन्याखालीच. मामांनी वही पुढे केली. कोऱ्या जागेत मोठ्या अक्षरात लिहिलं: 'मी जिन्याखाली आहे. वर काय चाललंय मला माहीत नाही. मागचा ठराव मला मान्य नाही.' मग सही.
"आबा मला बोलत्याल, बाई."
"बोलू देत. माझं नाव सांगा."
मामा वही घेऊन वर गेले. मग आबा निम्मा जिना उतरले. पूर्ण नाहीच.
"वही नासवली की तुमी! विलास, फाड रं ते पान."
विलास वरूनच, "आबा, पानांना नंबर हायेत."
हसू आलं. मग मी ओरडलेच. काय काय बोलले, सगळं आठवत नाही. "माझी शोकसभा तरी खाली घ्या" असं म्हणाले. जरा जास्तच झालं. झालं तर झालं.
तेवढ्यात मंगल कठडा धरून एकेक पायरी खाली आली. माझी वर्गमैत्रीण, गुडघे गेलेत बिचारीचे. "मी बी दर महिन्याला मरत मरत चढते गं. सांगायची लाज वाटायची." शेवटच्या पायरीवर बसली, माझ्याजवळ. सभा तहकूब.

मंगळ. २४
विलास १ मार्चच्या सभेची नोटीस घेऊन आला. विषय तोच. 'स्थळ' पुढे काहीच नाही.
"आबा म्हणले, जागा मागनं लिहू. पोच तेवढी द्या."
परत तेच! परत कोऱ्यावर सही! काय समजतात काय मला?
"जागा लिहून आण, मग पोच देते."
त्याने नोटीस घडी करून खिशात टाकली. "सांगतो, बाई. पण ते ऐकत्यालच असं न्हाई."

शनि. २८
नोटीस अजून आली नाही. उद्या सभा. आत्ता मंगलचा फोन. "वाचनालयापुढं मांडववाल्याचा टेम्पो हुबाय. पोरं खुर्च्या घेऊन पळत्यात."
"आत नेतायत की बाहेर काढतायत?"
"टेम्पो आडवा लावलाय. हितनं कळंना."
मीच जाते बघायला. रस्ता खडीचा आहे, चाकं रुततात. रुतू देत.