वेगवान मेमरी की जास्त?

रविवार, रात्र

आठवडाभर मी कॉम्प्युटरसाठी वेगवान मेमरीच घ्यायची, यावर अडून बसलो होतो. रेवा जर्मनीला गेल्यापासून आम्ही बापलेक दर रविवारी एकत्र गेम खेळतो, आणि ऐन लढाईत माझा कॉम्प्युटर अडकतो. आज कॉलेज रोडच्या दुकानातल्या बाईंनी विचारलं, "काका, गेमसोबत अजून काय चालू असतं?"

"लेकीचा व्हिडिओ कॉल. तो मी बंद करत नाही."

"मग वेगाच्या मागे लागू नका. जास्त मेमरी घ्या, दोन्ही मावतील."

त्यांनी महागडी वेगवान मेमरी गळ्यात मारली असती, तर मला कळलं असतं का? नसतंच.

जास्त मेमरी घेतली, बसवली आणि संध्याकाळी खेळलो. सपशेल हरलो. रेवा खळखळून हसली आणि तिचा चेहरा मध्येच थिजला नाही. ते हसणं पूर्ण पाहिलं, किती महिन्यांनी!

बाईंचं नाव विचारायचं राहिलं. उद्या जाऊन विचारतो, आणि हे हसणंही सांगतो.