दवाखान्यात नेसलेलं पातळ

कारधा,
२२ नोव्हेंबर २०२५, शनिवार

सौ. सत्यभामा,

कारध्याहून तेजरामचा आशीर्वाद घे आणि नातवाचा माझ्याकडून एक पापा घे. डिंपलले म्हण, बाप मजेत आहे. धान घरी आलं, मळणी-चुरणा झाला, पोतेही शिवून झाले. मी दोन्ही वेळ बरोबर जेवतो.

कागद पाहून तू म्हणशीन, या माणसाले फोन चावते काय. त कारण सांगतो. तू फोन स्पीकरवर ठेवतेस आणि तिकडून लेक, जावई, शेजारची बाई, सगळं घर ऐकते. ही गोष्ट तुले एकटीनं वाचायची आहे. उद्या जावई नवे तांदूळ न्याले येणार आहे, त्याच्या हाती देतो.

पहिले एक ध्यानात घे, मनी जिती आहे. आता चुलीजवळ झोपली आहे आणि एक डोळा उघडून मले पाहून राहिली आहे. हे आधी सांगितलं, कारण पुढचं वाचून तू पिशवी भरायले लागशीन. लेकीचा सव्वा महिना व्हायचा आहे अजून.

त झालं असं. बुधवारी शेजारच्या तुळसानं तलावातले मासे दिले. मी रस्सा केला. हसू नको, बरा झाला होता. त्यातलाच एक तुकडा मनीच्या वाटीत टाकला. आता मले काय माहीत, ती काटे काढलेलाच मासा खाते म्हणून? जगातल्या मांजराले कोणी काटे निवडून देते काय? तू देतेस. आणि मलेही तूच देतेस, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

गुरुवारी सकाळी पाहतो त तिच्या तोंडातून लाळ. पंजानं गाल ओरबाडे, पाण्याजवळ जाये आणि तशीच परत ये. मान लांब करून घरघर करून राहिली होती. काटा लागला असन म्हणून मी केळ्याचा घास तिच्या तोंडात कोंबायले गेलो, त तिनं माझं बोट फाडलं. मग मात्र मी तिले रिकाम्या पोत्यात, चुंगडीत घातलं आणि आपल्या ऑटोवाल्या देवाजीले बोलावलं. तो म्हणे, "मामा, मांजरासाठी ऑटो?" मी म्हटलं, "माझी नाही, तुझ्या मामीची मांजर आहे. हिले काही झालं त मले या घरात राहायचं आहे काय?" पोट्ट्यानं सरळ ऑटो चालू केला. वैनगंगेचा पूल त्यानं असा पार केला की मीच देवाचं नाव घेऊन राहिलो होतो.

भंडाऱ्यात जनावरांचा तातडीचा दवाखाना निघाला आहे. आधी फोन करून वेळ घ्या लागत नाही, सरळ आत जायचं. मले वाटलं, आपण बैल नेतो तसंच असन, झाडाखाली खोडा आणि एक साहेब. इथं त काचेचं दार. बाकावर एक जाडं कुत्रं मालकाच्या हातून बिस्कुट खाऊन राहिलं होतं. एका बाईच्या मांडीवर बकरीचं पिलू होतं.

मी आपला खिडकीशी गेलो, म्हटलं नंबर द्या. तिथली पोरगी म्हणे, "काका, इथं नंबर नसतो. ज्याला जास्त त्रास, तो आधी." तिनं चुंगडीचं तोंड उघडून मनीचा श्वास पाहिला आणि म्हणे, हिला लगेच घ्या. कुत्रेवाला उठला, "मी पहिले आलो." मी म्हटलं, भाऊ, तुमचं कुत्रं नाश्ता करून राहिलं आहे, बसा. मी मोठा ऐटीत आत निघालो, तेवढ्यात मोटरसायकलनं उडवलेलं एक कुत्रं चादरीत घेऊन दोघं जण आले आणि त्या पोरीनं आमाले बाजूले करून त्याले आत नेलं. माझं डोकं फिरलं. भांडायले उठलो, मग त्या कुत्र्याचा पाय पाहिला आणि परत बसलो.

तेवढ्या वेळात तिनं सगळं विचारून घेतलं. नाव काय, वय काय, काय खाल्लं, कवा खाल्लं, सुया टोचल्या काय, घरी काही औषध दिलं काय. म्हणे, "खरं सांगा काका, इथं कोणी रागावत नाही." मी केळंही सांगून टाकलं. त थोडी रागावलीच. तोंडात बोट घालायचं नाही म्हणे, आणि मांजर चुंगडीत आणायचं नाही, जाळीचा डबा नाही त झाकणाची टोपली आणायची. काय करणार आणि खर्च किती लागन, तेही आधी सांगतात, आपण हो म्हटल्यावरच हात लावतात. तुलेही कवा जायचं काम पडलं त माहीत असू दे.

आतमध्ये डिंपलच्या वयाची एक पोरगी उभी होती. मी विचारलं, "बाई, डॉक्टर कवा येणार?" ती म्हणे, "मीच डॉक्टर उर्वशी." मी टोपी नीट केली.

आणि मग चुंगडी उघडली. मनीनं जी उडी मारली ती सरळ औषधाच्या कपाटावर. दोघं जण कातडी हातमोजे घालून, टॉवेल घेऊन मागं लागले. ती या कपाटावरून त्या कपाटावर. एक बाटली फुटली. मग मी पाहिलं, तिचं तोंड उघडं पडलं होतं आणि जीभ निळी दिसून राहिली होती. डॉक्टरीण म्हणे, "थांबा सगळे. आणखी पळाली तर श्वास कोंडेल. दिवा कमी करा." आणि मले विचारलं, "घरात कोणाजवळ जाते ही?"

"घरवालीजवळ."

"त्यांना बोलवा."

"ती नागपूरले आहे, लेकीच्या बाळंतपणाले."

"मग फोनवर आवाज तरी ऐकवा."

मी फोन खिशातून काढला आणि परत ठेवला. तू घाबरून बोलली असती, ते ऐकून डिंपल घाबरली असती, आणि तू सांजच्या गाडीनं इथं आली असती. तुले सांगतो सत्यभामा, तवा मले भेव वाटलं. तू निघताना मनीले माझ्या हातात दिलं आणि विचारलं होतं, सांभाळाल ना? मी म्हटलं होतं, मांजरच त आहे. आता ते मांजर वरून माझ्याकडे पाहून राहिलं होतं आणि माझ्या हातात काही नव्हतं.

मग मले आपली म्हैस आठवली. तू भावाच्या लग्नाले गेली होतीस तवा ती मले कासेले हात लावू देत नव्हती आणि मी तुझं पातळ नेसून दूध काढलं होतं. गावात सगळेच काढतात. आणि तुझं ते मोरपंखी पातळ, मनी ज्याच्यावर झोपते ते, मी चुंगडीत तिच्याखाली घातलंच होतं.

मी डॉक्टरीणबाईले म्हटलं, तुमी जरा तिकडे तोंड करा. धोतरावरूनच पातळ लपेटलं, डोक्यावरून पदर घेतला, मिशी पदराखाली दाबली आणि जमिनीवर मांडी घालून बसलो. तुझ्यासारखं बारीक आवाजात म्हटलं, "मनू, ये वं मनू, ये माय." कोणी हसलं. डॉक्टरीणबाईनं त्याले बाहेर काढलं. मी म्हणतच राहिलो. मनी खाली उतरली, पदराचा वास घेतला आणि माझ्या मांडीत येऊन शिरली.

डॉक्टरीणबाईनं हळूच सुई टोचली, आणि थोड्या वेळानं मनी माझ्या मांडीवर लुडकली. मले वाटलं गेली. ती म्हणे, "काका, झोपलीय." माझ्या डोळ्याले पाणी आलं, ते तुझ्याच पदरानं पुसलं. काटा घशाच्या तोंडाशी आडवा रुतला होता, चिमट्यानं काढून मले दाखवला. आणखी उशीर झाला असता त, असं ती बोलायले लागली, पुढचं मी ऐकलं नाही.

सांजपर्यंत नळीनं हवा देत ठेवलं आणि मग घरी सोडलं. औषध कसं पाजायचं ते करून दाखवलं, खायले पातळसर द्या म्हणे, पुन्हा लाळ गळली त वाट न पाहता घेऊन या, नाही त येत्या गुरुवारी दाखवा. आता औषधाच्या वेळी मी दाराची कडी लावतो, पातळ नेसतो आणि पाजतो. गावात कोणाले माहीत नाही. दवाखान्यात होते ते सारे परक्या गावचे, देवाजीही बाहेर ऑटोत होता. त तुले माझ्याशिवाय ही गोष्ट कोणी सांगणार नाही.

तू घाई करू नको. आमचं दोघांचं बरं चाललं आहे. ती दूधभात खाते, मीही तोच खातो, वेगळं कोण रांधते. सांजच्या वक्ती ती दारात बसून बसस्टँडच्या रस्त्याकडे पाहते. मीही बसतो तिच्यासंगं, धान घरी आल्यावर दुसरं काम नसते. तुझी बहुत आठवण येते. मनीले.

मनीचा राखणदार,
तेजराम


नागपूर,
२४ नोव्हेंबर, सोमवार

डिंपलच्या बाबाले नमस्कार.

तांदूळ पोचले, पत्र पोचलं. एकटीनं वाचायचं म्हणून न्हाणीत कडी लावून वाचलं. पण शुक्रवारपासूनच मले सगळं ठाऊक होतं, तुमी कवा सांगता ते पाहून राहिली होती. तुमच्या त्या बकरीवाल्या बाईनं दाराच्या फटीतून व्हिडिओ काढला, तो फिरत फिरत जावयाच्या मोबाईलवर आला. काल तुमच्यापुढं बसून चहा पिताना तो एवढा खोकलत काहून होता, ते आता समजा.

आमची सारी बिल्डिंग हसून राहिली आहे. डिंपलचे त टाके दुखायले लागले. पातळ उलटं लपेटलं तुमी, फॉल कपाळावर आला होता. "मनू मनू" मात्र बरोबर जमलं, माझ्याहून गोड.

मीही हसली. मग डिंपल आणि बाळ झोपल्यावर तो व्हिडिओ पुन्हा लावला, आणि मांजराकडे माझं ध्यानच गेलं नाही. पदराखाली तुमचे गाल बसलेले, गळ्याची हाडं दिसून राहिली होती. दोन्ही वेळ बरोबर जेवतो म्हणून फोनवर रोज सांगता. ते कोण जेवते?

मले राग आला. मनीचं दुखणं लपवलं ते लेकीसाठी लपवलं, ते मी समजू शकते. हे कोणासाठी लपवलं? लग्नाले एवढी वर्षं झाली आणि तुमाले आठवण येते ती मांजराच्या नावानं कायले लिहिता?

मी डिंपलले पत्र वाचायले दिलं. माफ करा. तिनं वाचलं आणि सासूले फोन लावला. तिची सासू उद्या येते, पुढचे दिवस ती पाहणार आहे. डिंपल म्हणे, आई, माझ्याजवळ खूप माणसं आहेत, बाबाजवळ कोण आहे? मी बुधवारी सकाळच्या गाडीनं निघते. गुरुवारी दवाखान्यात मीही येईन. त्या डॉक्टरीणबाईले विचारते, माणसाले तपासून देते काय.

गावात कोणी विचारलं त सांगा, मनी आजारी पडली म्हणून बायको आली. लोकांनी तसं समजलं त मले चालते. तुमी मात्र तसं समजू नका.

तुमच्याचसाठी निघालेली,
सत्यभामा