दोन शांत नकाशे आणि बंदराचं तोंड

तीर्थरूप मामांस भाचीचा नमस्कार. (एकाच हाताने केलेला; दुसरा माउसवर आहे आणि तो उचलला की काहीतरी बंद पडतं, असा अनुभव आहे.) मामींचा गुडघा कसा आहे? गोळ्या त्या वेळेवर घेतात, की अजूनही शेजारणीला वाटतात? तुमचा खोकला गेला असेल अशी आशा आहे. माझं म्हणाल तर वजन उतरलंय, केस पिकू लागलेत आणि जेवताना कुणी मीठ मागितलं तरी मी ओरडते. एरवी ठणठणीत आहे. अक्षर ओळखून पाकीट तसंच फळीवर टाकलं नसेल, तर पुढे वाचा.

बंदराचं तोंड वळवायचं घाटतंय, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आत्ताचं तोंड बाजूला असल्याने बोटींना वळसा पडतो. नवं तोंड थेट समुद्रासमोर उघडलं, तर आपल्या दादूसारख्या प्रवासी बोटी चालवणाऱ्यांची प्रत्येक फेरीत वीस मिनिटं वाचतील. त्या तोंडातून बोटी सुखरूप आत येतील की उलटतील, एवढंच तपासायचं काम आमच्या ऑफिसकडे आलं आणि साहेबांनी ते माझ्या गळ्यात बांधलं. दोन प्रोग्रॅम आहेत, जोडून टाक, चार दिवसांचं काम आहे, असं म्हणाले होते. त्याला आता अकरा आठवडे झाले. सोमवारी बंदर समितीची बैठक आहे आणि तिथे हो की नाही ते सांगायचंय.

आता हे दोन प्रोग्रॅम म्हणजे काय, ते सांगते. एक पाण्याचा. भरती-ओहोटी, पातळी, प्रवाह हे त्याचं खातं. दुसरा लाटांचा. दर अर्ध्या तासाने पाणीवाल्याने लाटवाल्याला कळवायचं की पाणी इतकं चढलंय आणि अमुक दिशेला वाहतंय, मग लाटवाल्याने कळवायचं की असं असेल तर लाटा अशा होतील, आणि दोघांनी मिळून पुढे सरकायचं. ऐकायला किती गोड! प्रत्यक्षात एका स्वयंपाकघरातल्या दोन जावा परवडल्या. समुद्राची खोली एकीला अधिक चिन्हाने लिहून लागते, दुसरीला उणे. मला हे कळेपर्यंत पहिले चार दिवस माझा समुद्र हा चाळीस मीटर उंच डोंगर होता आणि शहरातली टपाल कचेरी तळाला होती. (पोस्टमास्तरांनी अद्याप तक्रार केलेली नाही.)

ते निस्तरलं तर दिशांचं घोडं पेंड खाऊ लागलं. लाट कुठून आली त्यावरून तिची दिशा सांगतात आणि प्रवाह कुठे चालला त्यावरून त्याची. तुम्हाला हे पाळण्यात कळलं असेल. मला पदवीला शिकवलं होतं, तरीही मी लाटांची दिशा प्रवाहाच्या पद्धतीने भरली. परिणामी पंधरा दिवस माझ्या लाटा बाजाराच्या भिंतीतून निघून समुद्रावर चाल करून जात होत्या. बंदरात साहजिकच चिटपाखरूही हलत नव्हतं. साहेबांनी तो नकाशा पाहिला आणि इतके खूश झाले की फ्रेम करायचंच बाकी ठेवलं. चूक माझीच होती, ती मीच सांगितली, आणि तेव्हापासून साहेब मला ‘उलटी गंगा’ म्हणतात.

मग दोन्ही प्रोग्रॅमची बोलणी जमवली. सुरू केलं आणि दोन दिवस पडद्यावर काहीही हललं नाही. मला वाटलं, मोठी आकडेमोड चाललीय, करू दे बिचाऱ्यांना. शेवटी कळलं की पाणीवाला लाटवाल्याच्या निरोपाची वाट बघत होता आणि लाटवाला पाणीवाल्याच्या. आधी तुम्ही, आधी तुम्ही करत दोघंही दारात उभे! पहिला निरोप कुणी द्यायचा हे ठरवून देणं माझं काम होतं म्हणे. ते ठरवल्यावर गाडी चालू लागली, ती पंधरा दिवसांच्या समुद्राचा हिशेब करता करता अकराव्या दिवसाच्या भरतीशी आली आणि कॉम्प्युटर विझला. कारण शोधायला मागे हात घातला, तर गरम हवा बाहेर पडते त्या जाळीवर आमच्या ड्राफ्ट्समन काकांचे मोजे वाळत होते! (दोन जोड. एक लोकरीचा.) काकांचं म्हणणं असं की ऊब फुकट कशाला घालवायची. मी मोजे घडी घालून त्यांना नेऊन दिले, कारण बंदराच्या भिंतीची मापं त्यांच्याच कपाटात आहेत.

असो. गेल्या मंगळवारी सगळं एकदाचं पार पडलं आणि मी आगीतून फुफाट्यात आले. लाटांचा प्रोग्रॅम एकटा चालवला तर नवं तोंड शांत. पाण्याचा एकटा चालवला तरी शांत. दोन्ही जोडून चालवले, की ओहोटीचं पाणी ज्या घटकेला खाडीतून जोरात बाहेर पडतं आणि समोरून लाट येते, त्या घटकेला नेमकी तोंडात लाट भिंतीसारखी उभी राहते. बोट आडवी करणारी. मी हे साहेबांपुढे ठेवलं. ते म्हणाले, ‘जोडकामात तू आजवर तीनदा चुकलीस, ही चौथी कशावरून नाही? दोन शांत नकाशे आहेत ना, तेच देऊ.’ अकरा आठवडे मी स्वतःच स्वतःच्या विरुद्ध पुरावा गोळा केला होता.

मामींना नमस्कार. प्रकृतीला जपा.

तुमची भाची

ता.क. ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवू? गेल्या वर्षी आमच्याकडे जेवताना तुम्ही म्हणाला होतात, ‘तिथं तोंड उघडू नका, ओहोटीला लाट उभी राहील.’ तीस वर्षं बंदराची बोट हाकलेल्या माणसाला मी सगळ्यांदेखत सांगितलं की हे आता कॉम्प्युटर ठरवतो. तुम्ही ताटावरून उठलात. माझं चुकलं, मामा. पत्राच्या सुरुवातीलाच हे लिहायला हवं होतं, धीर झाला नाही. सोमवारी अकराला या आणि तेच वाक्य समितीपुढे बोला. दुसरा मजला, लिफ्ट बंद आहे.

ता.ता.क. तुम्ही येणार असं मी साहेबांना सांगून टाकलंय. राग आला तर बैठकीनंतर काढा.

आणखी एक. काल दादू भेटला. नव्या तोंडाने जायच्या फेऱ्यांचं वेळापत्रक त्याने आत्ताच छापून घेतलंय. मी म्हटलं, अरे, अजून ठरलं नाही, थांब. तो हसला. म्हणाला, ‘ताईनं तपासलंय ना? मग मला कसली काळजी?’ या.