या कपड्याला दरवाजा कुठे आहे?

ता. १२ नोव्हेंबर, रविवार

तीर्थरूप अण्णांस,

नमस्कार. मी बरा आहे. तुम्हीही बरे असणारच, कारण चार पानं भरून मुलाला झाडायचं तर अंगात ताकद लागते.

आणि परत तेच! बाळाचा सूट वाईट, बटणं वाईट, पाठवणारा त्याहून वाईट. "तू पाठवलेल्या कपड्याला दरवाजा कुठे आहे ते आधी कळव," असं लिहिता. दरवाजा आहे, अण्णा. तुम्ही खिडकीतून घुसताय.

मला एक सांगा. थोरला आणि मी, आम्ही दोघं तुमच्या घरात वाढलो. त्यातल्या एकाला तरी तुम्ही कधी कपडे घातलेत का? आई घालायची. तुम्ही सायकलचं दुकान बंद करून यायचात तेव्हा आम्ही पावडर लावून तयार. आई गेली तेव्हा आम्ही आमच्या हाताने बटणं लावण्याएवढे झालो होतो. आता पंचावन्नाव्या वर्षी, दुसऱ्या लग्नानंतर, हे काम पहिल्यांदा तुमच्या अंगावर आलंय. घरात तुमच्या 'त्यांचा' हात प्लास्टरमध्ये आणि पाळण्यातल्या छोट्या सरकारांना दिवसातून चार वेळा नवा पोशाख लागतो. मला हसू आलं, खोटं कशाला सांगू.

पण पुढे तुम्ही लिहिलंय, "माझ्या हातात आली की पोरगी किंचाळते. मला हे जमणार नाही. एक तारखेपासून शेजारच्या काकूंना बोलावतो." हे वाचून मात्र डोकं फिरलं. आजवर कसलीही गंजकी सायकल दारात आली तरी तुम्ही दुसऱ्याच्या दुकानाकडे बोट दाखवलं नाहीत. मग इथे का हात वर करता? काकूंना राहू द्या त्यांच्या घरी. चष्मा लावा आणि वाचा.

पांढरा सूट डोक्यावरून घालायचा आहे. टायर रिमवर चढवताना तुम्ही तो सगळा एकदम ओढता का? तसाच हा गळा. दोन्ही अंगठ्यांनी पूर्ण गोळा करा, त्याचं कडं करा, आधी डोक्याच्या मागून घ्या आणि मग चेहऱ्यावरून झटकन पुढे. नाकावर कापड रेंगाळलं की ती ओरडणारच. मीही ओरडेन.

बाहीत तिचा हात ढकलू नका. तुमची दोन बोटं मनगटाच्या बाजूने बाहीत घाला, आतून तिची मूठ धरा आणि बाही तिच्या हातावर ओढून घ्या. पोर हलवायचं नाही, कापड हलवायचं.

खांद्यावर दुमडलेल्या कडा आहेत ना, ज्यांना तुम्ही 'शिवणाऱ्याची झोप' म्हणालात, त्या मुद्दाम ठेवलेल्या असतात. सरकारांनी पाठीपर्यंत प्रताप केले की तो सूट डोक्यावरून काढायचा नसतो. कडा फाकवायच्या, खांद्यांवरून खाली घ्यायचा आणि पायांतून काढायचा. तुम्ही परवा डोक्यावरून काढलात आणि मग तिचे केस धुवावे लागले. ते मी कँटीनमध्ये वाचत होतो. तोंडातला चहा शर्टावर.

अजून एक, आणि हे खरंच महत्त्वाचं. कुठलाही कपडा घालण्याआधी उलटा करून आतून बघा. पायमोजे तर नक्कीच. सुटलेला दोरा तिच्या इवल्या बोटाला गुंडाळला तर बोट सुजतं आणि बाहेरून दिसतही नाही. तुमच्या बोटांवर भरवसा ठेवू नका, ग्रीस आणि पान्यांनी त्यांची कातडी चामड्यासारखी झालीय. गालाला लावून बघा. गालाला टोचलं तर तिलाही टोचणार.

तुम्ही स्वतः खरेदीला जाणार म्हणता. जा, पण बाप लोक कसे घेतात ते मला चांगलं माहीत आहे. आमच्या कारखान्याच्या दारातच विक्रीचं दुकान आहे, सुट्टीत मी तिथे रेंगाळतो. बाप आत शिरला की सरळ छोट्या कोटाकडे जातो. पाच बटणं, खिसा, गळ्याशी बो. अहो, तिला खिशात काय ठेवायचंय? ती दिवसभर उताणी पडलेली असते. मऊ सुती बघा, गळ्याशी दोरी किंवा मणी असलेलं काही नको, आणि चिठ्ठीवर महिने लिहिलेले असतात त्यावर जाऊ नका. सुटाच्या आत पाय सरळ केल्यावर बोटं दुमडली तर मोठा घ्या. थोडा ढगळ दिसला तर दिसू दे. तिला कुठे मुलाखतीला जायचंय?

तुम्ही विचाराल, याला हे शहाणपण आलं कुठून. सांगतो. मागे मी 'कारखान्यात कामाला लागलो' एवढंच लिहिलं होतं, काम काय ते लिहिलं नव्हतं. तुम्ही हसाल म्हणून. मी बटणं उपटतो. दाबलं की टिच्च करून बसतं ते टिचबटण यंत्राच्या चिमट्यात धरायचं आणि ओढायचं. काटा खुणेपर्यंत गेला आणि बटण जागचं हललं नाही तर माल पुढे. निघालं तर ते लहान पोराच्या घशात जाऊ शकतं, म्हणून सगळा गठ्ठा परत. आठवतंय, तुम्ही म्हणायचात, "या पोराच्या हाताला चैन नाही, हात लावेल ते तोडून ठेवेल"? त्याचाच आता पगार मिळतो, अण्णा! बेकरी सोडली, गॅरेज सोडलं, गोदी सोडली, इथे मात्र टिकलोय. गेल्या महिन्यात एका गठ्ठ्याची बटणं निघाली. माल त्याच दिवशी जायचा होता, सुपरवायझर म्हणाला, "एखादं बटण निघणारच रे." मी म्हटलं, "मग चिठ्ठीवर तुमची सही करा." गठ्ठा परत गेला. तुम्हाला पाठवलेल्या सुटांची बटणं मी सुट्टीनंतर थांबून एकेक ओढलीयत. म्हणून 'बटणं वाईट' हे जरा लागलं.

आता फोटोचं. तुम्ही पाकिटात न सांगता घातलात तो.

मी तो कामावर नेला. का नेला ते मलाही माहीत नाही. ती तुमच्या खांद्यावर, पाठ आमच्याकडे, मान वळवून हसतेय. आणि पिवळ्या सुटाची टिचबटणं पाठभर! अण्णा, पिवळ्याचा दरवाजा पुढे असतो. बिचारी दिवसभर बटणांवर झोपली असेल, किंचाळेल नाही तर काय करेल?

शिलाईवाल्या सगळ्याजणी जमल्या. "अगं बघ, उलटा सूट!" "नक्की बापाने घातलाय." "आणि हा हात बघा, बुटाला पॉलिश करता करता उठलेला दिसतोय!" तुमचं तोंड फोटोत आलेलंच नाही, नुसता तिच्या डोक्यामागचा हात. नखांतल्या ग्रीससकट. मग आमच्या ठप्पेबाईंनी, मालावर शेवटचा ठप्पा त्यांचा असतो म्हणून हे नाव, फोटो उजेडात धरला आणि विचारलं, "कुणाचं रे बाळ?"

मी इथे कुणाला घरचं काही सांगितलेलं नव्हतं. तुमच्या लग्नाच्या आदल्या दिवशी पिशवी उचलली ती उचलली. शेजारचं आहे म्हणालो असतो तरी चाललं असतं.

मी म्हटलं, "माझी बहीण आहे. आणि तो हात माझ्या बापाचा आहे, हसू नका."

ठप्पेबाईंनी फोटो परत पाहिला आणि म्हणाल्या, "सूट उलटा आहे. पण डोकं कसं धरलंय बघा गं. हे कुणी शिकवून येत नाही." आणि फोटोच्या मागे ठप्पा मारला. 'पास.' त्यांनी तसाच परत दिला, मी तो माझ्या यंत्राच्या वर चिकटवलाय.

म्हणून सांगतो, काकूंना बोलावू नका. तुम्हाला येतंय.

मी जन्मभर घरातला धाकटा. कुणी मला दादा म्हणेल असं कधी डोक्यातच आलं नव्हतं. ती बोलायला लागायच्या आत मला सुट्टी मिळते का बघतो, नाहीतर ती थोरल्यालाच आधी म्हणेल, आणि तो ते आयुष्यभर ऐकवेल. तोवर फोटोवाल्याकडे जाऊन तुम्हा तिघांचा एक चांगला फोटो काढा. या वेळी तुमचं तोंड येऊ द्या. सूट सुलट घाला, पण हात मुद्दाम धुऊ नका.

मावशींना नमस्कार सांगा. हो, मावशींना. प्लास्टर कधी निघणार ते त्यांनाच विचारून लिहा.

तुमचा तोडफोड्या,
आणि तिचा दादा

ता. क. मी पाठवलेले पैसे तुम्ही दोनदा परत केलेत. या वेळचे तुमचे नाहीत, तेव्हा तुम्हाला परत करता यायचे नाहीत. फोटोसाठी आणि एका ढगळ सुटासाठी, माझ्या बहिणीच्या नावाने, सहाशे.