तिला शूर म्हणू नका

अहो,

नमस्कार. खुशाली खाली लिहिते, आधी भांडण. फोनवर भांडता येत नाही, आपली ठमी शेजारीच असते.

इथे आजारी मुलांशी खेळायला एक खेळताई येतात. सुई टोचताना ठमी हूं की चूं करत नाही, हे मी कौतुकाने सांगायला गेले, तर म्हणाल्या, "ती तुमच्यासाठी गप्प बसते. तिला शूर म्हणणं बंद करा." माझं डोकंच फिरलं! बाहुल्यांना पट्ट्या बांधणारी बाई मला लेक कशी वाढवायची ते शिकवणार?

तरी काल रक्त काढताना मी तोंडाला कुलूप लावलं. ठमीने माझ्याकडे दोनदा पाहिलं, आणि मग असं भोकाड पसरलं की शेजारच्या खोलीतली माणसं धावत आली. मला कडकडून चावली, नर्सबाईंचा ट्रे लाथेने उडवला. नंतर माझ्या कुशीत गाढ झोपली, इथे आल्यापासून पहिल्यांदाच. खेळताई नुसत्या हसल्या. त्याचाही रागच आला.

डॉक्टर म्हणतात, तब्येत ठीक आहे. 'ठीक' म्हणजे काय, ते कोणी सांगत नाही. आईंचे गुडघे कसे आहेत? तुम्ही वेळेवर जेवता ना?

आता तुमचं. फोनवर "माझी वाघीण ती" पुरे झालं. आणि तिचा आवाज कापरा झाला की नेमकी तुमची रेंज कशी जाते, हे मला कळत नाही असं समजू नका.

आज सकाळी तिने विचारलं, "बाबांसमोर रडलं तर चालेल?"

मी हो म्हणून बसले आहे. तेव्हा फोन ठेवायचा नाही.

तुमचीच,
पण चिडलेली